कोंडलेलं दूध

माय, तू मला आयुष्यभर मारलंस. उलथण्यानं, चपलेनं, लाटण्यानं, आणि काहीच हाताशी नसलं तर नुसत्या हातानं. तुझा हात म्हणजे रोज ऐंशी पोरांच्या भाकरी थापणारा हात. तो पाठीत बसला की दोन दिवस कूस बदलता यायची नाही. लोक आपल्या गेलेल्या आईविषयी लिहितात तेव्हा पुरणपोळी लिहितात, पदर लिहितात. मला ते जमायचं नाही. तुझी आठवण आली की मला आधी माझा गाल आठवतो आणि मग तुझा आवाज, "गुमान बस." आज सकाळी गोळ्या घ्यायला बसले, एक साखरेची आणि एक बीपीची, तुला होत्या त्याच दोन, आणि मला एकदम इतका संताप आला की हातातला पेला मोरीत भिरकावला. नवरा आतून विचारतोय काय फुटलं, आणि मी म्हणतेय काही नाही. राग तुझ्यावर होता की माझ्यावर ते अजून नीट कळलेलं नाही, म्हणून लिहायला बसले. मी आता बेचाळीसची आहे. तुझी शुगर निघाली तेव्हा तू साधारण याच वयाची होतीस.

भूकंप झाला तेव्हा मी दहाची होते. आपलं घर दगडमातीचं, भिंती दोन-दोन हात रुंद, वर मातीचं माळवद. त्या भिंतींची गावाला केवढी ऐट होती. उन्हाळ्यात आत गार, आणि तोफ लागली तरी पडायच्या नाहीत म्हणायचे. तोफ लागलीच नाही. उजाडलं तेव्हा गाव नव्हतं, नुसते ढिगारे होते आणि त्यांच्यावर पडणारा पाऊस. आपण दोघी आणि आजी, म्हणजे तुझी सासू, तेवढ्या वर होतो. बाबा आणि पाच महिन्यांचं बाळ खाली. तू हातांनी उकरतेयस. नखं तुटलीत, बोटांतून रक्त येतंय, कुणी तुला ओढायला आलं तर त्याला दगड मारतेयस. आणि उकरता उकरता तुझं लुगडं पुढून ओलं होत चाललंय. मला वाटलं पाऊस. पण पाऊस काही दोनच जागी पडत नाही. बाळाची पाजायची वेळ झाली होती आणि तुझ्या अंगाला ते मेलंय हे अजून कळलं नव्हतं. दुपारी त्याला झोळीसकट काढलंस. तू रडली नाहीस, जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडात मारलीस. तो बिचारा फावडं घेऊन मदतीला आलेला होता.

तिसऱ्या दिवशी आपण तंबूत होतो. तुझी छाती दगडासारखी झाली होती, ब्लाउजचं बटण लागत नव्हतं. शेजारच्या तंबूत एक तान्हं होतं, आई गेलेलं. मदतीच्या गाड्यांतून आलेली दूध-पावडर त्याला चमच्यानं पाजत होते आणि ते सगळं ओकत होतं, दिवसभर किंचाळत होतं. तू उठलीस. कुणाला काही न बोलता त्या तंबूकडे निघालीस, आणि आजीनं तुझा पदर धरून मागं ओढलं. "मेलेल्याच्या वाटचं दूध जित्याच्या तोंडात घालायचं नसतंय," ती म्हणाली, "त्याला बी ओढून नील." मग पिळून टाकते म्हणालीस तर तेही नाही. "भुईवर सांडलं की ज्याचं हाय त्याचा जीव तिथंच घुटमळतोय. आतच जिरू दे." बाबांचं एक धोतर ढिगाऱ्यातून निघालं होतं, ते तिनं फाडलं. तुझ्या पाठीत गुडघा रोवून, दोन्ही टोकं ओढून, बांधलं. गाठ पाठीवर मारली, तुझा हात पोचू नये म्हणून. आजी दुष्ट नव्हती. तिचाही मुलगा आणि नातू त्याच ढिगाऱ्याखाली गेले होते, आणि तिला एवढंच माहीत होतं की मेलेल्याची वस्तू मेलेल्यालाच राहू द्यावी. तू ऐकलंस. सगळ्या आयुष्यात तू कुणाचं ऐकलंस ते तेवढं एकदाच. त्या शेजारच्या लेकराचं काय झालं मला माहीत नाही. दोन दिवसांनी ती माणसं दुसऱ्या छावणीत गेली.

आठवड्याभरानं तू तापानं बरळायला लागलीस. डाव्या बाजूला गाठ झाली होती, लाल, चकचकीत, आणि तंबूत तुझ्याजवळ बसवत नव्हतं अशी वास मारणारी. लष्कराचा डॉक्टर आला. त्यानं धोतर कात्रीनं कापलं, आजीला बाहेर काढलं, मला म्हणाला, बेटी, सर पकडो. मी तुझं डोकं मांडीवर घेतलं. भुलीचं औषध त्या दिवशी संपलेलं होतं की पुरलं नाही, कुणास ठाऊक; त्यानं पातं लावलं आणि तू माझ्या हाताला चावलीस. मनगटाच्या वर, मांस तुटेपर्यंत. मी ओरडले नाही, कारण मी ओरडले तर तू सोडशील आणि मग तू ओरडशील असं मला वाटलं. आपलेच दात, आपलेच ओठ म्हणतात, तसं. गाठीतून जे निघालं त्यात पू होता, रक्त होतं आणि दूधही होतं, अजून पांढरं. डॉक्टर त्याच्या भाषेत शिव्या देत होता, आपल्याला, धोतराला, सगळ्या गावाला. मला तो फार आवडला.

आजी पुढच्या वर्षी गेली आणि तू मला घेऊन लातूरला आलीस. तेव्हा लातूरच्या शिकवण्यांचं नाव सगळीकडे व्हायला लागलं होतं. गल्लीगल्लीत क्लास, त्यांच्या वर होस्टेल, खाली मेस, आणि जिकडेतिकडे पाठीवर दप्तर घेतलेली डॉक्टर-इंजिनिअर व्हायला निघालेली पोरं. त्यातल्या एका मेसमध्ये तू भाकरी करायला लागलीस आणि पाचेक वर्षांत मेस तूच चालवायला लागलीस. मागच्या खोलीत आपण राहायचो. एकदा होस्टेलच्या मालकानं स्वयंपाकघरात येऊन तुझ्या कमरेला हात लावला होता. तू उकळत्या आमटीचा ओगराळा त्याच्या छातीवर रिकामा केलास आणि परत भांड्यात घालून पुढचं ताट वाढलंस. त्यानंतर सगळे तुला मावशी म्हणायला लागले, जरा लांबून. मला शिकवलंस ते असंच. पहाटे उठले नाही की पाणी तोंडावर, पेपरात कमी पडलं की उलथणं. मी एम.एस्सी. झाले, जीवशास्त्र शिकवायला लागले, नांदेडला लग्न होऊन गेले आणि तिथल्या एका मोठ्या क्लासमध्ये मॅडम झाले. तू एकदाही शाबास म्हणाली नाहीस. माझा फोटो क्लासच्या फलकावर लागला तेव्हा तू एसटीनं नांदेडला येऊन, रस्त्याच्या पलीकडे उभी राहून तो बघून गेलीस, आणि घरीसुद्धा आली नाहीस. हे मला तू गेल्यावर शेजारणीनं सांगितलं.

तुझी शुगर निघाली ती अशीच उशिरा. पायाची जखम बरी होईना म्हणून दवाखान्यात नेलं तर शुगर भरमसाट आणि बीपी त्याच्या वर. डॉक्टरनं विचारलं, घराण्यात कुणाला होतं का. तू म्हणालीस, घराणंच न्हाई राहिलं, कुणाला विचारू. मग घरी आल्यावर तू मला तुझा निकाल सांगितलास. "माझं दूध कोंडलं न्हवं का, तेच साखर होऊन अंगात मुरलं." मी तेव्हा एम.एस्सी.ला होते. मी इतकी हसले की तू माझ्या डोक्यात टपली मारलीस. पण तू ते मनोमन धरून बसलीस. गोळ्या एक दिवस घ्यायची, चार दिवस विसरायची. आतमध्ये मुरलेल्या दुधाला गोळी काय करणार, असं तुझं म्हणणं. पायांना मुंग्या यायच्या, मग मुंग्याही येईनाशा झाल्या. भट्टीपुढं अनवाणी उभी राहायचीस, निखारा पायावर पडला तरी वास आल्यावर कळायचं.

मला दिवस गेले आणि सातव्या महिन्यात माझीही साखर वाढलेली निघाली. नांदेडच्या डॉक्टरनं इंजेक्शनं चालू केली, आणि पहिलं बाळंतपण म्हणून मी लातूरला तुझ्याकडे आले. तू सुया बघितल्यास आणि भिंतीकडे तोंड करून बसलीस. मुलगी झाली. बाळंतपणानंतर साखर उतरली, मी सुटले असं मला वाटलं. पण घरी सोडताना तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तुला बाहेर बाजूला घेतलं. त्या काय म्हणाल्या ते तू मला शंभरदा सांगितलंस, त्यामुळे पाठ आहे. मावशी, हिची साखर आता गेलीय, पण पुढं परत यायची भीती आहे. लेकराला अंगावर पाजू द्या, जमेल तितके जास्त दिवस. लेकरासाठी तर चांगलंच, पण हिच्यासाठीही. ज्या बायका पाजतात त्यांना पुढं शुगर, बीपी कमी होतं असं दिसून आलंय. एवढंच. तुझ्या डोक्यात ते जाऊन बसलं ते तुझ्या पद्धतीनं, की साखर दुधावाटे निघून जाते. मग काय, तू पहाऱ्यालाच बसलीस. दर दोन तासांनी, "घे तिला." डिंकाचे लाडू केलेस ते बिनगुळाचे, खायला माती. शेजारणीनं मला गुळाचा एक आणून दिला तर तोंडात घालायच्या आत माझ्या हातावर फटका मारून तो मोरीत पाडलास. ओल्या बाळंतिणीला मारतेस का म्हणून ती बाई तुझ्याशी भांडली. तू म्हणालीस, "मारते. जगावी म्हून मारते."

सव्वा महिना व्हायचा होता अजून. आमच्या क्लासनं लातूरात शाखा काढायचं ठरवलं होतं आणि सरांचा फोन आला. मॅडम, तुमच्या नावावर पोरं येतात, एकच तास, डेमो लेक्चर. तू भाजी आणायला बाजारात गेली होतीस. मी बाळाला पाजून निजवलं, शेजारणीला लक्ष ठेवायला सांगितलं आणि फिकट निळी साडी नेसून गेले. हॉल गच्च भरलेला, पोरं आणि त्यांचे आईबाप. मी मूत्रपिंड शिकवत होते, छान रंगलं होतं. मागच्या रांगेत कुणाचं तरी तान्हं रडलं आणि माझ्या छातीत कळ आली. मी बोलत राहिले. पुढच्या बाकावरची दोन पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत होती, मग एक मुलगी खाली मान घालून हसली, मग मी खाली बघितलं. उरलेला सगळा तास मी वर्गाकडे पाठ करून फळ्याशी बोलले. नंतर सर जिन्यात म्हणाले, "एक तारखेला नांदेडला बॅच सुरू होतीय. तोपर्यंत हे सगळं जरा बघा, पालक असतात समोर." हे सगळं म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या तोंडावर डस्टर फेकून मारायला हवं होतं. तू मारलं असतंस. मी 'हो सर' म्हणाले आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून क्रेप बँडेजचे दोन रोल घेतले. त्या तंबूत तुझं डोकं धरून मीच बसले होते, माय. बांधल्यानं काय होतं ते या हातानं बघितलं होतं. तरी मला वाटलं, मी शिकलेली आहे, मी नीट बांधीन.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेस रिकामी होती. पोरं जेवून गेलेली, भांडी पालथी पडलेली. आत बाळ रडत होतं आणि मी भट्टीवर पाणी उकळून बाटली करत होते. तू मागून आलीस.

"काय करायलीस?"

"दूध."

"डब्याचं? आन् अंगावरचं कुटं गेलं?"

मी बाटलीचं बूच फिरवत राहिले. तू माझ्या छातीवर हात ठेवलास, ब्लाउजवरून, आणि बँडेज हाताला लागलं तशी तुझी मुद्रा पालटली. थोबाडीत मारलीस. त्याच हातानं परत दुसरी.

"सोड ते."

"नाही सोडणार. मला एक तारखेला उभं राहायचंय."

"मंग उभी रहा की. पाजून उभी रहा. मी येते नांदेडला. तिला घिऊन क्लासच्या दाराशी बसते, तुझा तास झाला की पाज."

"तू? या अवतारात? क्लासच्या दाराशी?"

हे मी म्हणाले. तू शांतपणे बोलायला लागलीस, जे तू कधीच करायची नाहीस. "हे बघ, डाक्टरीणबाई बोलली हाय. साखर दुधावाटं जाती. तुला माझ्यासारखं हुईल. माझं कोंडलं म्हून..."

"तुझं कोंडलं म्हणून काही झालेलं नाही," मी म्हणाले. "तू गोळ्या खात नाहीस म्हणून झालंय. आणि साखर काय नळानं बाहेर जाते? दुधातली साखर वेगळी, रक्तातली वेगळी. चौथी शिकलेल्या बाईनं मला जीवशास्त्र शिकवू नये."

तू माझे केस धरलेस. दुसऱ्या हातानं भाजीची सुरी उचललीस, माझा पदर बाजूला फेकलास आणि बँडेजखाली पातं घातलंस. मी हिसके देतेय, तू कापतेयस, सुरी बरगडीवरून ओरखडत गेली आणि मी दोन्ही हातांनी तुला ढकललं. सगळा जोर लावून. आयुष्यभरचा मार त्या ढकलण्यात होता. तू भट्टीच्या लोखंडी पायावर जाऊन आदळलीस आणि तुझा उजवा पाय त्या लोखंडाखाली सापडला. उठलीस. परत माझ्याकडे आलीस, "पाज तिला, पाज तिला" म्हणत, आणि तुझ्या प्रत्येक पावलाबरोबर शहाबादी फरशीवर रक्ताचा ठसा उमटत होता. अंगठ्याचं नख उभं फाटलं होतं. तुला ते कळत नव्हतं. मला दिसत होतं. मी तुला सांगितलं नाही. आत जाऊन कडी लावून घेतली आणि बाळाच्या तोंडात बाटली दिली. बाहेर तू दार बडवत होतीस आणि मी मनात म्हणत होते, वाहू दे.

चार दिवसांनी मी नांदेडला निघून आले. आठवडाभर कण्हले, मग दूध आटलं. एक तारखेला बॅचसमोर उभी राहिले, कोरडी, टापटीप. त्या वर्षी आमच्या क्लासचा निकाल चांगला लागला. इकडे तुझा अंगठा काळा पडला. तू लिंबाचा पाला बांधून भाकरी थापत राहिलीस, शेजारणीचा फोन आला तेव्हा काळं पावलावर चढायला लागलं होतं. आधी अंगठा कापला, मग पाऊल. मी सगळ्यांना सांगितलं की मायला ठेच लागली. दवाखान्याच्या कागदावरसुद्धा तेच आहे, ठेच. तू पण कुणाला काही बोलली नाहीस. मी ढकललं हे माहीत असणारी तू एकटी होतीस आणि तू ते दाताखाली धरून ठेवलंस. डॉक्टर म्हणाले, असा पाय आज ना उद्या गेलाच असता. लोकांना ते ऐकून बरं वाटेल म्हणून डॉक्टर असं म्हणतात, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं.

मग बीपी चढलं आणि लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी पोचले तेव्हा तू खाटेवर अर्ध्या तोंडानं माझ्याकडे बघत होतीस. बाळ सात महिन्यांचं झालं होतं, ते मी तुझ्याजवळ धरलं. तू त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. तुझा डावा हात, तेवढाच चालणारा, माझ्या छातीवर आला. तू दाबून बघितलंस, एकदा इकडे, एकदा तिकडे, बाजारात भाजी बघावी तसं. वॉर्डातल्या बाया बघत होत्या. तिथं काही नव्हतं. मग तू तोच हात उचलून मला मारलंस. तो माझ्या गालापर्यंत आला आणि तिथंच राहिला, त्यात जोर नव्हता. मी तो धरला नाही, ढकललाही नाही, फक्त तशीच उभी राहिले. दोन दिवसांनी तू गेलीस.

गेल्या वर्षी माझी साखर परत निघाली, बीपीही. नांदेडची डॉक्टर तरुण आहे, माझ्याच एका जुन्या बॅचची असावी अशा वयाची. तिनं सगळं विचारलं, आईला होतं का, गरोदरपणी होतं का, आणि मग सहज विचारलं, बाळाला किती महिने पाजलं. मी खरं सांगितलं, एकूण चार आठवडे. तिनं लिहून घेतलं. मी विचारलं, त्याचा काय संबंध. तर तिनं तेच सांगितलं, माय, तुझ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तेच, फक्त मोठ्या शब्दांत. गरोदरपणी साखर झालेल्या बायकांनी पाजलं तर पुढं मधुमेहाचा धोका कमी असल्याचं दिसतं, जितकं जास्त पाजलं तितका आणखी कमी, आणि बीपीचंही तसंच. मी फाइल टेबलावर आपटली. म्हणाले, म्हणजे मी पाजलं असतं तर हे झालं नसतं? ती घाबरली नाही. "तसं नाही, मॅडम," ती म्हणाली, "पाजूनही होतं काहींना. आणि ज्यांना जमत नाही त्यांचा काही गुन्हा नसतो. शक्यता कमी होते, एवढंच." शक्यता. मला हो किंवा नाही हवं होतं. तू मला दोन वर्षं पाजलं होतंस, तरी तुला झालंच की. म्हणजे तुझ्यापुरतं गणित जुळत नाही. दूध मुरून साखर होत नाही, दुधावाटे रक्तातली साखर निघून जात नाही, तुझं सगळं कारण चुकीचं होतं. आणि तू जे कर म्हणत होतीस ते बरोबर होतं. मी तुझं कारण खोडलं आणि त्याच्याबरोबर सगळंच केरात टाकलं. एकमेकांचे पेपर तपासायला दिले की पोरांना मी सांगते की उत्तर बरोबर असेल तर पायरी चुकली म्हणून सगळे गुण कापू नका, अर्धे तरी द्या.

तुझी नात आता अकरावीला लातूरलाच आहे, होस्टेलवर. तुझ्याच गल्लीत. मेसच्या जागी पाच मजली इमारत झाली आहे, तिच्या तिसऱ्या मजल्यावर ती राहते. मी सांगितलेलं नाही तिला. दर रविवारी मी एसटीनं डबा घेऊन जाते. परवाच्या रविवारी आम्ही खाली बाकड्यावर बसलो होतो. ती जेवता जेवता वाचत होती, मानवी प्रजननाचा धडा, आणि पान बोटानं धरून तिनं विचारलं, "मम्मी, तू मला किती दिवस पाजलंस?" मी म्हणाले, दोन वर्षं. पोरगी हुशार आहे, तिचा घास तसाच हातात. "मग तुला शुगर कशी झाली? आजीला होती, तुला झाली. मला पण होणार का?" वीस वर्षं जीवशास्त्र शिकवणारी मी, मी म्हणाले, नशीब असतं एकेकाचं. तिला पटलं नाही, ते दिसत होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. तिला उद्या दिवस जातील तेव्हा तिला हे माहीत हवं, आणि ते मीच सांगायला हवं, तिला मारायची वेळ यायच्या आत. त्याऐवजी मी म्हणाले, "खोटं वाटतंय का? आजी असती तर तिला विचारलं असतंस. तिनंच तर मला पाजायला लावलं, जाईपर्यंत पहाऱ्याला बसली होती." तेवढ्यानं ती निवांत झाली आणि घास तोंडात घातला.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, आणि ती घरी येते तेव्हा तिच्या हाताला लागेल असं ठेवणारही नाही. तुझी साक्ष काढली मी, माय. तुला बोलता येत नाही हे ठाऊक होतं म्हणूनच काढली.